पूर्वज अवाढव्य नव्हते

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा या गावी यादवकालीन मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ पाहावयास येणाऱ्या मंडळींत असा एखादा इसम हटकून आढळतो, की जो एखाद्या प्रचंड शिळेवर हात ठेवून, ‘पूर्वीची माणसेच दहा-दहा हात उंच होती, आजच्या माणसाच्याने हे होणे नाही,’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. आणि सोबतचे लोक, शिकलेसवरलेले असूनही, माना डोलावतात. मानवाच्या उत्पत्तीविषयी आपल्याकडे जे गैरसमज रूढ आहेत त्यांपैकी हा मला सर्वांत चिवट वाटतो, कारण त्याला पुराणांतील वर्णनांचा, डोळ्यांपुढील दगडांचा आणि अलीकडे मोबाइलवरील छायाचित्राचा असा तिहेरी आधार दाखवला जातो. म्हणून त्याची सविस्तर झडती घेणे अवश्य आहे.

प्रथम त्या छायाचित्राविषयी. खोल खड्ड्यात पडलेला प्रचंड मानवी सांगाडा, त्याच्या कवटीजवळ मुंगीएवढा दिसणारा खोदकाम करणारा माणूस, आणि खाली मजकूर असा, की भारताच्या उत्तर भागात नॅशनल जिओग्राफिकच्या चमूला भीमपुत्र घटोत्कचाच्या कुळातील हा सांगाडा सापडला. वस्तुस्थिती अशी आहे, की २००२ साली एका संकेतस्थळाने कृत्रिम छायाचित्रांची स्पर्धा घेतली होती, तिच्यासाठी ‘आयर्नकाइट’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका चित्रकाराने हे चित्र जुळवले; मूळ छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे २००० साली झालेल्या मॅस्टोडॉन या हत्तीसदृश प्राण्याच्या उत्खननाचे होते. ज्या नॅशनल जिओग्राफिकच्या नावावर ही बातमी खपवली जाते, त्याच संस्थेने डिसेंबर २००७ मध्ये हा सर्व खुलासा प्रसिद्ध केला. ज्याचे कर्तृत्व म्हणून सांगावे त्यानेच इन्कार केल्यावरही दाखला म्हणून तो कागद पुढे करीत राहावे, हे कोणत्या न्यायात बसते?

तथापि या समजुतीच्या मुळाशी केवळ लबाडी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोदावरी आणि नर्मदा यांच्या काठांवरील जुन्या गाळाच्या थरांतून प्रचंड हाडे खरोखरच निघतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका नामशेष हत्तीच्या अवशेषांची नोंद भूशास्त्रज्ञ पिल्ग्रिम यांनी १९०५ साली केलेली आहे. ही हत्तीची जात आजच्या हत्तीहूनही पुष्कळ मोठी होती. हत्तीच्या मांडीचे सुटे हाड पाहिले तर ते माणसाच्या मांडीच्या हाडासारखे भासते, आणि सोंडेच्या मुळाशी कवटीला असलेले मोठे विवर हे ज्याने हत्तीची नुसती कवटी पाहिलेली नाही त्याला एकाच राक्षसी डोळ्याची खाच वाटावी, यात नवल नाही. युरोपातही मॅमथची हाडे शतकानुशतके राक्षसांची म्हणूनच दाखवली गेली. परंतु तेव्हाच्या लोकांना तुलनेचे साधन नव्हते. आपल्याला ते आहे.

दुसरे असे, की माणूस आपला आकार राखून हवा तेवढा वाढूच शकत नाही. उंची दहापट झाली तर हाडाचा छेद शंभरपट होतो, वजन मात्र हजारपट होते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक बोटभर जागेवर दहापट भार येतो आणि पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडते. हे गणित गॅलिलिओने १६३८ साली मांडले आणि पुढे भारताचे नागरिकत्व पत्करलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या आपल्या एका निबंधात साठ फूट उंचीच्या राक्षसाचे उदाहरण घेऊन तेच सामान्य वाचकाला समजावून दिले.

आणि जमिनीतून निघालेले खरे साक्षीदार काय सांगतात? इथिओपियात १९७४ साली सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘ल्युसी’ अवघी साडेतीन फूट उंच होती. केनियातील तुर्काना सरोवराकाठी १९८४ साली मिळालेला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा मुलगा सव्वापाच फुटांच्या आसपास. निअँडर्थल पुरुष साधारण साडेपाच फूट. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ साली तर साडेतीन फुटांची प्रौढ मानवजात उजेडात आली. आपल्या देशात नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा जो भाग मिळाला, तोही माणसाच्याच मापाचा आहे. गंगेच्या खोऱ्यातील सराय नाहर राय येथील मध्याश्मयुगीन शिकारी पुरुष धिप्पाड होते हे खरे. पण ते सहा फुटांच्या आसपास, म्हणजे आजच्या उंच पुरुषाइतकेच. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन करून जी शेकडो दफने उघड केली, त्यांतल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांतही कोणी राक्षस निघाला नाही.

हाडे मिळाली नसती तरी हत्यारांनी साक्ष दिलीच असती. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चिरकी येथे गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी उत्खनन केले, तेथील लाखो वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींची जडणघडण पाहावी: काळ्या दगडाचा गोटा दोन्ही अंगांनी टवके काढून बदामाच्या आकाराला आणलेला, एक टोक निमुळते, दुसरे जाड, आणि ते जाड टोक आपल्या तळव्यात बरोबर बसते. दहा हात उंचीच्या प्राण्याने ते चिमटीत धरून काय करावे? हीच कसोटी यादवकालीन मंदिरांना लावावी. गर्भगृहाच्या दारातून जाताना आपल्यालाही मान लववावी लागते; बारवेच्या पायऱ्या आपल्याच पावलांसाठी बांधलेल्या आहेत. अवाढव्य माणसांनी स्वतःला शिरता येऊ नये अशी देवळे बांधली, असे मानण्यास माझी बुद्धी तयार होत नाही. काळ्या पाषाणाचा एक घनमीटर तुकडा तीन टनांच्या घरात जातो, हे मान्य. पण पहार, पाचर, मातीची उतरण, बैलांचे बळ आणि दोरखंड यांच्या साह्याने तो हलवणे हे कसबाचे काम आहे, उंचीचे नव्हे.

आता किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावू.

‘माणूस माकडापासून झाला, तर माकडे शिल्लक कशी?’ आजचे माकड आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद आहे. चिंपांझी आणि मानव यांची घराणी सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून विभक्त झाली.

‘वानराचा माणूस होताना कोणी पाहिला?’ जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच आक्षेप घेतला, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाने तो खोडून काढला. लक्षावधी वर्षांच्या घडामोडीला प्रत्यक्षदर्शी मागणे व्यर्थ आहे. तिची रुजवात जीवाश्म आणि जनुके यांच्याशी घालावी लागते.

‘माणूस आणि डायनोसॉर एकत्र नांदले.’ दोहोंमध्ये सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

‘आदिमानवाचा मराठवाड्याशी काय संबंध?’ पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या काठी, प्राण्यांची अश्मीभूत हाडे असलेल्या थरात, विन या भूशास्त्रज्ञाला अकीकाचे तासलेले पाते मिळाले ते १८६० नंतरच्या दशकात. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा तो आरंभकाळ होता.

अवाढव्य पूर्वजांच्या कथेने कोणाचे काय बिघडते, असे मला विचारले जाते. बिघडते ते हे, की ज्या मध्यम बांध्याच्या, अनामिक पाथरवटांनी हेमाडपंती बांधणीत चुन्याशिवाय दगडात दगड बसवला, त्यांच्या हाताचे आणि हिशेबाचे श्रेय आपण एका काल्पनिक देहाला बहाल करतो. मानवाच्या उत्क्रांतीचा सारा इतिहास हा दुबळ्या शरीराने हात, मेंदू आणि सहकार्य यांच्या बळावर काढलेल्या वाटेचा इतिहास आहे, आणि पूर्वजांचा खरा गौरव त्यातच आहे. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, त्याविरुद्ध अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. तो शिकवताना परभणी जिल्ह्यातील शिक्षकांनी मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन त्यांना जवळच्या जुन्या देवळाची दारे आणि पायऱ्या मोजावयास लावावे. स्वतः घेतलेल्या मापाचा पुरावा कोणत्याही छायाचित्राला पुरून उरेल.