वाचनकौशल्याची आंतरराष्ट्रीय तुलना आणि पालघरचा विद्यार्थी

पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे वाचन, गणित व विज्ञान यांतील कौशल्य देशोदेशी ताडून पाहणारा सर्वांत परिचित उपक्रम म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची ‘पिसा’ चाचणी. तिची पहिली फेरी २००० साली झाली. तिचे निष्कर्ष बहुधा क्रमवारीच्या रूपाने आपणांपर्यंत पोहोचतात. परंतु भाषेच्या अभ्यासकाने क्रमांकाआधी विचारावयाचा प्रश्न असा की, या चाचणीने नेमके काय मोजले?

प्रथम मोजपट्टी पाहू. वाचनाच्या श्रेणीत २००० सालच्या सदस्य-देशांची सरासरी ५०० व प्रमाण-विचलन १०० धरलेले आहे. म्हणजे हे गुण शेकडेवारी नसून सापेक्ष स्थान दर्शवितात. इंग्रजी व फ्रेंच या दोन मूळ पाठांवरून प्रत्येक देश आपल्या शिक्षणभाषेत चाचणी सिद्ध करतो. सातवीच्या खालचा, तसाच शाळा सोडून गेलेला मुलगा या गणनेत येतच नाही.

भारतातून २००९ च्या फेरीच्या पुरवणी चाचणीत तमिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोनच राज्ये उतरली. वाचनात त्यांना अनुक्रमे ३३७ व ३१७ गुण मिळाले. किमान आवश्यक मानलेली दुसरी पातळी तेथील अनुक्रमे सुमारे १७ व ११ टक्के विद्यार्थ्यांनी गाठली. सदस्य-देशांत हे प्रमाण ८१ टक्के होते. २०१२ ते २०२२ या काळातील फेऱ्यांत भारत नव्हता. महाराष्ट्राने ही चाचणी दिलेलीच नाही.

आता पालघरकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वारली, कातकरी, वाडवळी, मांगेली अशा बोली घराघरांत नांदतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक सातव्या खंडात वारली व वाडवळी यांची नोंद आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने त्यांत उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या भाषांची भर घातली. अशा वर्गात ‘मराठी माध्यम’ या एकाच शब्दाखाली अनेक भिन्न भाषिक अवस्था झाकल्या जातात.

एक उदाहरण घेऊ. ‘पालघर ते बोईसर व बोईसर ते वाणगाव या प्रवासांस अनुक्रमे १२ व ८ मिनिटे लागतात, मध्ये किमान ५ मिनिटे थांबावे लागल्यास एकूण किमान किती वेळ लागेल?’ येथे गणित केवळ बेरजेचे आहे. पण ‘अनुक्रमे’, ‘किमान’ हे शब्द कोणत्याही बोलीतले नसून ग्रंथभाषेतले आहेत. उत्तर चुकल्यास बेरीज येत नाही की वाक्य उलगडले नाही, हे गुणावरून कळत नाही. शिक्षकाने उपाय मात्र या निदानावरूनच योजावयाचा असतो.

याचा अर्थ सर्व दोष भाषेवर ढकलून मोकळे व्हावे, असा नव्हे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांशांना प्रादेशिक भाषेतील दुसरीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. ही पट्टी परकी नाही, मागणीही मोठी नाही. उणीव खरी आहे. तिचे मूळ कोठे किती, हाच प्रश्न आहे.

तेव्हा पालघरात अशी मोजणी झाल्यास दोन गोष्टी आवश्यक ठरतील. विद्यार्थ्याच्या घरभाषेची नोंद ‘मराठी’ एवढ्यावर न थांबता बोलीपर्यंत जावी; आणि निवडक प्रश्न त्याला बोलीतून तोंडीही विचारावेत. तोंडी व लेखी उत्तरांतील अंतर हे भाषेच्या वाट्याचे पहिले अनुमान होय. हे अंतर न मोजता काढलेल्या सरासरीने जिल्ह्याचा क्रमांक कळेल, पण वर्गात उद्या काय शिकवावे हे कळणार नाही.