विश्लेषण : मेंदूतली ‘रिंग’ कॅन्सरची की पुवाची? एमआरआय स्पेक्ट्रोस्कोपी काय सांगते?

तीव्र डोकेदुखी, ताप आणि अचानक आलेली फिट. बोरीवलीतल्या एखाद्या सेंटरवर एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये येतं, ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’. म्हणजे कडेने उजळलेली कडी. घरचे गुगल करतात आणि कॅन्सरच्या भीतीने रात्र काढतात. पण अशीच कडी मेंदूतल्या गळवाची असू शकते, टीबीचीही. उपचार तिन्हींचे वेगळे.

गळू मेंदूत जातं कसं?

वर्षानुवर्षं वाहणारा कान, सायनसचा संसर्ग, किडलेली दाढ, जन्मजात हृदयदोष. जिवाणू हाडातून किंवा रक्तावाटे मेंदूत पोहोचतात आणि पू साठतो. पू घट्ट असल्याने त्यातले पाण्याचे रेणू मोकळे फिरत नाहीत, म्हणून ‘डिफ्युजन’ चित्रात तो चमकतो. हा पहिला मोठा पुरावा. पण काही ट्यूमर आणि टीबीच्या गाठीही कधीकधी तशाच चमकतात.

मग स्पेक्ट्रोस्कोपी काय करते?

यंत्र तेच, पण चित्राऐवजी आलेख मिळतो. १.५ टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजन सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर ‘बोलतो’, एफएमच्या पट्ट्याच्या थोडा खाली. प्रत्येक रसायनातला हायड्रोजन किंचित वेगळ्या सुरात. अॅसिटेटचं शिखर १.९ पीपीएमवर आणि सक्सिनेटचं २.४ वर दिसतं. अंतर साधारण ३२ हर्ट्झ, तेही सहा कोटी चाळीस लाखांत! इंजिनीअरिंगला फूरियर ट्रान्सफॉर्म रटणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. हे सूर वेगळे करण्याचं काम तोच करतो.

पुवात पांढऱ्या पेशींची एन्झाइम प्रथिनं तोडतात. त्यातून ल्युसिन, व्हॅलिनसारखी अमिनो आम्लं साठतात, ०.९ पीपीएमवर. ट्यूमरमध्ये ती सहसा दिसत नाहीत; तिथे कोलिन वाढलेलं असतं. अडचण अशी की चरबीचं शिखरही ०.९ जवळच येतं. त्यावर युक्ती आहे : सिग्नल सुमारे १३५ मिलिसेकंदांनी टिपला की अमिनो आम्लांचं शिखर उलटं होतं, चरबीचं सरळच राहतं.

जिवाणूंचा प्रकारही कळतो?

बऱ्याच अंशी. या विषयातलं महत्त्वाचं काम भारतातलंच आहे. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत राकेश गुप्ता यांच्या गटाने केलेला ७५ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ नियतकालिकात आला. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू असतील तर अमिनो आम्लांसोबत अॅसिटेट, कधी सक्सिनेटही दिसतं. ऑक्सिजनवर जगणारे असतील तर सहसा अमिनो आम्लं आणि लॅक्टेटच. टीबीच्या गळवात लॅक्टेट आणि चरबी दिसते, अमिनो आम्लं नाहीत. मुंबईत टीबीचा प्रश्न किती मोठा आहे हे पाहता हा फरक आपल्याला जास्त कामाचा.

याचा थेट उपयोग औषध निवडताना होतो. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं अवघड. नमुना नीट हाताळला नाही तर कल्चर निगेटिव्ह येतं. अशा वेळी आलेखातलं अॅसिटेट मेट्रोनिडाझोलसारखं औषध चालू ठेवायला आधार देतं.

मग सुई टळते का?

नाही. जिवाणूचं नाव आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे आलेख सांगत नाही. पू बाहेर काढण्याचं कामही सुईचंच. शिवाय गळू लहान किंवा कवटीच्या हाडालगत असेल तर सिग्नल बिघडतो, आणि रुग्ण हलला तरीही.

एमआरआय ठरला असेल तर त्याच वेळी स्पेक्ट्रोस्कोपी करायची का, हे डॉक्टरांना विचारता येईल. काही मिनिटं जास्त लागतात; सोय प्रत्येक सेंटरवर नसते. आणि अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर कोणतं, किती दिवस, हे रेडिऑलॉजिस्टला जरूर सांगा. उपचार सुरू झाल्यावर अॅसिटेटचं शिखर ओसरू लागतं.