कर्णा जुना, कर्णा नवा

घरात गाणं ऐकायला कर्ण्याचा स्पीकर जुन्या घडणीचा चांगला की नव्या, हा प्रश्न आम्हाला कोपरला बरेचदा विचारला जातो. प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्यात एक गफलत दडलेली आहे. आकार सारखा दिसला की हेतूही सारखाच, असं आपण धरून चालतो.

कर्णा करतो काय? लांबच्याला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो ना, तेच. स्पीकरचा पडदा जड, हवा हलकी; मोकळ्यावर पडद्याची बरीचशी मेहनत वाया जाते. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंद होत जाणारी नळी या दोघांची गाठ घालून देते. तुतारीचं हेच, ग्रामोफोनचं हेच. कलकत्त्यात १९०२ साली गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा मधे वीज नव्हतीच. गाणारी कर्ण्यात गायची, ऐकणारा कर्ण्यातून ऐकायचा.

पुढे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आले, पण घरातले बहुतेक चार-दोन वॉटचे. म्हणून जुन्या कर्ण्याचा सगळा खटाटोप थोडक्या शक्तीत जास्त आवाज मिळवण्यासाठी. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली कंपनी काढली आणि क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. (हे गृहस्थ तरुणपणी चिलीत विजेची रेल्वे इंजिनं सांभाळत होते. कोपरकरांना आपलेच वाटावेत.)

त्यांची अडचण बघा. ४० हर्ट्झच्या खर्जाची लहर साडेआठ मीटर लांब. ती नीट बाहेर पडायला कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा, म्हणजे व्यास २.७ मीटर. आपल्या हॉलची एक भिंतच गेली! क्लिप्श यांनी नळी पेटीत घडी घालून बसवली आणि पेटी कोपऱ्यात सरकवली. दोन भिंती आणि जमीन यांच्या बेचक्यात आवाजाला पसरायला एक अष्टमांश अवकाश उरतो, म्हणून तोंडाचं क्षेत्रफळही एक अष्टमांश पुरतं. भिंती हाच कर्ण्याचा शेवटचा भाग झाल्या. मग स्पीकर नेमका संपतो कुठे? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न फार आवडतो, पण असो. या स्पीकरची संवेदनशीलता कंपनी १०५ डेसिबल सांगते. ८८ डेसिबलच्या साध्या पेटीला जिथे ५० वॉट लागतील, तिथे याला एक वॉट पुरतो. शिवाय पडदा जेमतेम हलतो, त्यामुळे विकृती कमी. तबल्याची थाप अंगावर येते ती त्यामुळे.

मग उणं काय? जुने कर्णे बहुतेक घातांकी वळणाचे, म्हणजे ठरावीक अंतराला क्षेत्रफळ ठरावीक पटीने वाढणारे. त्यांत स्वर जितका उंच, तितका आवाजाचा झोत अरुंद होतो. समोर बसणाऱ्याला सगळं मिळतं, बाजूच्याला तार स्वरांची धार मिळत नाही. १९७५ साली डॉन कील यांनी एक निबंध वाचला. त्याचं शीर्षकच असं की घातांकी कर्ण्यात एवढं पवित्र काय आहे! आम्हाला हे शीर्षक कित्येक प्रबंधांपेक्षा मोलाचं वाटतं. तोवर वॉट स्वस्त झाले होते, त्यामुळे कर्ण्याकडून दुसरंच काही मागता येत होतं: सगळे स्वर सारख्याच कोनात पसरव. आजचे बरेच कर्णे या मागणीतून घडलेत. गळा आणि ओठ संगणकावर आकारतात, कारण ओठाची कड एकदम तुटली तर लहर उलटी फिरते आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो. खर्ज बहुधा साध्या वूफरकडे सोपवलेला असतो.

तेव्हा जुना कर्णा शक्तीची काटकसर करतो, नवा दिशेची शिस्त पाळतो. आमच्या मते इथल्या दहा बाय बाराच्या, गुळगुळीत लादीच्या खोलीत दिशेची शिस्त जास्त कामाची. आवाज भिंतींवर कमी आपटतो आणि नाट्यगीतातले शब्द सुटे ऐकू येतात. क्लिप्शहॉर्न आजही बनतो, पण त्याला दोन मोकळे कोपरे लागतात. आपल्याकडे एकात कपाट, दुसऱ्यात फ्रिज. लोकलचा खडखडाट मात्र दोघांनाही थोपवता येत नाही.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा ओळखीचं गाणं न्या. मधली खुर्ची सोडून कडेच्या खुर्चीत बसा, आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं तिथेही तितकीच स्वच्छ येतात का ते ऐका.