रक्ताच्या थेंबावर हक्क कोणाचा?

शिरपूर तालुक्यात बोराडीपासून पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पावरा आणि भिल्ल कुटुंबांना सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार नवा नाही. तपासणी साधी: बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं. द्रावण गढूळ झालं तर पुढची तपासणी. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, आई-वडील दोघांकडून तेच आलं तर मूल आजारी पडतं.

आता प्रश्न असा, की हे जनुक कोणाचं? कायद्यापुरतं उत्तर बरंच स्पष्ट आहे. निसर्गात आधीच असलेल्या गोष्टीच्या नुसत्या शोधावर भारतात पेटंट मिळत नाही. अमेरिकेत मात्र स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांवर मिरियड कंपनीकडे वर्षानुवर्षं पेटंट होती. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवरचा तो हक्क नाकारला. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतीवर मात्र पेटंट घेता येईल, असं म्हटलं.

पण जनुकावर पेटंट नसलं, तरी खरी पळवाट वेगळीच आहे. २००२चा जैवविविधता कायदा गावाच्या वनस्पतींना संरक्षण देतो, पण मानवी जनुकं त्यातून वगळली आहेत. म्हणजे रानातल्या मुळीला कायदा, माणसाच्या रक्ताला मुख्यतः मार्गदर्शक तत्त्वं! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची तत्त्वं सांगतात, की नमुना देणाऱ्याचाच. संस्था केवळ राखणदार, आणि त्यातून व्यापारी फायदा झाला तर समाजालाही वाटा हवा.

संशोधनासाठी रक्त द्या, जरूर द्या. पण अंगठा उमटवण्याआधी संमतीपत्र पावरीत, अहिराणीत वाचून दाखवायला सांगा. नमुना परत घेण्याचा हक्कही तुमचाच आहे.