फुल रेंज, तरी नेट का अडतं?

वानखेडेवर आयपीएलची मॅच रंगात आलीय. शेवटची ओव्हर, चेंडू उंच उडतो आणि थेट प्रेक्षकांत! हजारो हात वर जातात आणि जवळजवळ प्रत्येक हातात फोन असतो. त्या सिक्सचा व्हिडिओ लगेच आत्याला पाठवायचाय. पण तो जातच नाही, ते गोल नुसतं फिरत राहतं. वर बघावं तर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या! रेंज फुल आहे, मग अडलं कुठे?

त्या दांड्या फक्त एकच गोष्ट सांगतात: टॉवरचं तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतंय. त्याच टॉवरशी त्या क्षणी आणखी किती जण बोलतायत, हे त्यांच्यावरून कळत नाही. वानखेडेत सुमारे 33 हजार माणसं मावतात. एरवी ती मुंबईभर विखुरलेली असतात, मॅचच्या दिवशी सगळी एका मैदानाभोवती गोळा होतात. आणि सिक्स बसला की सगळ्यांना एकाच वेळी व्हिडिओ पाठवायचा असतो!

फोन आणि टॉवर रेडिओलहरींमधून बोलतात. कुठल्या कंपनीने कुठल्या लहरी वापरायच्या, हे सरकारी लिलावात ठरतं. कंपनीच्या वाट्याला येतो लहरींचा एक ठरावीक पट्टा. तेवढ्यातच सगळ्यांचं भागवायचं. 4जीचा टॉवर एका सेकंदाचे हजार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात पट्ट्याचा कुठला भाग कोणत्या फोनला द्यायचा, ते नव्याने ठरवतो. तुम्ही नुसतं ‘टॉवर’ म्हणेपर्यंत त्याने शेकडो वेळा वाटणी केलेली असते! मागणारे वाढले की प्रत्येकाचा वाटा लहान होतो आणि पाळी उशिरा येते. अडतं ते इथे.

आता खरी गंमत ऐका. ही अडचण स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे. 1946 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मोटारीतून फोन करायची सोय सुरू झाली. अख्ख्या शहरासाठी एक जोरदार प्रक्षेपक होता, आणि सुरुवातीला सगळ्या शहरात मिळून एका वेळी जेमतेम तीन जणांना बोलता यायचं. चौथ्याने थांबायचं! अगदी 1976 मध्येही न्यूयॉर्कसारख्या अवाढव्य शहरात बेल या टेलिफोन कंपनीचे असे फोन साडेपाचशेच्या आसपास लोकांकडेच होते. बाकीचे हजारो लोक नाव नोंदवून वाट बघत बसले होते.

यावरची युक्ती मात्र 1947 मध्येच कागदावर उतरली होती. त्याच कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग या इंजिनिअरने ती मांडली. शाळेच्या सभागृहात एकजण माइकवरून बोलत असेल, तर बाकी कुणाला बोलताच येत नाही. पण माइक बंद करून पाच-पाच मुलांचे वीस गट केले आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले, तर एकाच वेळी वीस गोष्टी सांगून होतात. रिंगने शहराचं तेच करायला सांगितलं. शहराचे षटकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा छोटा टॉवर उभारायचा आणि तीच लहर थोड्या अंतरावरच्या तुकड्यात पुन्हा वापरायची. अशा तुकड्याला म्हणतात सेल. कल्पना साधी, पण माणूस एका सेलमधून दुसऱ्यात गेला की त्याचा फोन न तोडता पुढच्या टॉवरकडे सोपवायला झटपट काम करणारे संगणक हवे होते. त्यामुळे असं जाळं लोकांसाठी सुरू व्हायला 1979 साल उजाडलं. जागा होती टोकियो.

गर्दी वाढली की टॉवरची ताकद वाढवायची, असंच आपल्याला वाटतं ना? इंजिनिअर बरोबर उलट करतात! टॉवर वाढवतात आणि प्रत्येकाची ताकद कमी करतात. मला या सगळ्या विद्येतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

जवळच्या इमारतीच्या गच्चीवरचा टॉवर खालूनच नीट निरखून बघा. उभे, लांबट, फिकट रंगाचे डबे दिसतील, बहुतेक वेळा तीन दिशांना तोंड केलेले. ते अँटेना. प्रत्येक जण आपल्या बाजूचा एक तृतीयांश भाग सांभाळतो. म्हणजे एकाच खांबावर तीन सेल! ढोलक्यासारखा गोल डबा दिसला, तर तो तुमच्या फोनशी बोलतच नाही. तो दूरच्या दुसऱ्या टॉवरशी बोलतो.

स्टेडियममध्ये हीच युक्ती आणखी बारीक करतात. छपराखाली छोटे अँटेना लावून एकेका स्टँडचे वेगळे सेल करता येतात. वाय-फाय दिलं की काही भार तिकडे जातो. जत्रेसारखी चार दिवसांची गर्दी असेल, तर चाकांच्या गाडीवर बसवलेला टॉवर आणून उभा करतात आणि गर्दी ओसरली की घेऊन जातात.

5जीच्या अनेक टॉवरवर एका डब्यात 64 छोटे अँटेना काम करतात. सगळे एकच संदेश पाठवतात, पण किंचित मागेपुढे. हे मागेपुढे असं मोजूनमापून केलेलं असतं, की तुमच्या फोनपाशी सगळ्या लहरींचे उंचवटे एकावर एक येतात आणि संदेश जोरकस होतो. बाजूला मात्र एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरच्या नाही, तरी पलीकडच्या स्टँडमधल्या फोनला तीच लहर त्याच क्षणी देता येते!

दुसरी बाजू म्हणजे पाठवायचंच कमी. व्हिडिओत दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवतात. मैदान तेच, बॅट हलली, तर बॅटपुरतंच. मार्च 2020 मध्ये कोविडच्या लॉकडाउनमुळे सगळा देश घरात बसला, तेव्हा भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर 480पीपेक्षा जास्त बारकाव्याचं चित्र काही दिवस न दाखवायचं ठरवलं होतं. आणि आपली भूक तर वाढतच चाललीय: 2024 मध्ये भारतात एकेक जण महिन्याला सरासरी 20 जीबीच्या आसपास डेटा वापरत होता.

म्हणून इंजिनिअर आता फारशा न वापरलेल्या, अगदी आखूड लहरींकडे वळलेत. आपल्याकडे 2022 च्या लिलावात 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. त्याची एक लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर लांब, करंगळीच्या नखाएवढी. आणि अशा इवल्या लहरींवर कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमाराला, म्हणजे मोबाइलचं स्वप्नही कुणी पाहिलं नव्हतं तेव्हा, प्रयोग केले होते. त्यांनी तर 5 मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या होत्या! या लहरींना भिंत अडवते, झाडाची पानंसुद्धा अडवतात, त्या फार लांब जात नाहीत. म्हणूनच त्या गर्दीच्या ठिकाणी कामाच्या. या गल्लीतली लहर पुढच्या गल्लीत पोचतच नाही, आणि तिथे तीच लहर दुसऱ्या कुणाला तरी देता येते.