आपलाच लेख, आपणच सांगायचा?

लेख छापून आला की मी सकाळीच काळेवाडीतल्या आमच्या पेपरवाल्याकडे जाते आणि चार अंक जास्तीचे घेते. "काय ताई, फोटोबिटो आलाय वाटतं?" तो विचारतो. मी आपली हसून वेळ मारून नेते.

सांगायचं तरी कसं हो? आपल्याकडे बाईनं स्वतःच्या पुरणपोळीचंही कौतुक करायचं नसतं. 'जरा कडकच झाल्यात' असं म्हणतच वाढायचं. मग लेखाचं काय घेऊन बसलात! एकदा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कात्रण टाकलं होतं. चार अंगठे आले, दोन जोडलेले हात आले आणि लगेच खाली पाण्याच्या टँकरचा निरोप. तेव्हापासून कानाला खडा.

मालतीबाई बेडेकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावानं. शिकलेल्या मुलींची घुसमट लिहिणं तेव्हा इतकं जोखमीचं, की मिरवणं राहू द्या, नावच लपवावं लागलं. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये, तीही सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून. पण प्रत्येकीला सोपानदेव कुठून मिळणार? आमचे चिरंजीव पेपर उघडतात ते थेट क्रिकेटच्या पानावर.

मध्यंतरी मी चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जाणाऱ्या बायकांवर लिहिलं. पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असतात, त्यांच्यावर. त्यातली एक आमच्या मागच्याच चाळीत राहते. तिच्याशी बोलूनच तर लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी तिला कुठूनसं कळलं. दारात येऊन म्हणाली, "ताई, आमच्यावर लिहिलंत आणि आम्हालाच नाही सांगितलं?"

काय बोलणार? मी समजत होते, हा माझा विनय. खरं सांगायचं तर कुणी चूक काढेल याची धास्ती होती. ग्रुपवर अंगठे मागायला लाज वाटते ते ठीक. पण जिची गोष्ट घेतली तिच्या हातात अंक द्यायला कसली आलीय लाज? ते तर देणंच होतं माझं.

आतून अंक आणला. उंबऱ्यातच बसून, बोट ठेवत ठेवत तिनं सगळा लेख वाचला. मधेच थांबली.

"सहाला नाही हो ताई, बस पाच दहाला येते. आणि तिथला दिवा बंद असतो, ते राहिलंच की तुमचं."

मग अंकाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवत म्हणाली, "बाकीच्यांना दाखवते. अजून आहेत का?"

तीन होते. दिले.