पॅडॉक स्टँड : एकट्याने मोटरसायकल उचलण्यामागचे गणित

गरज

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा तालुका. पावसाळ्यात त्या बाजूला किंवा राधानगरीमार्गे फोंडा घाटात जाऊन आलेल्या मोटरसायकलच्या साखळीवर तांबड्या चिखलाचा थर बसतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून रस्त्यावर आणलेली माती त्यात भर घालते. अशी साखळी धुऊन, पुसून तिला तेल द्यायचे तर मागचे चाक अधांतरी फिरायला हवे. स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हाच्या मालकाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्या गाड्यांना डबल स्टँड असतो. केटीएम ड्यूक, यामाहा आर-१५, पल्सर एनएस यांसारख्या गाड्यांना मात्र तो नसतो.

डबल स्टँड गेला कोठे?

डबल स्टँड म्हणजे इंजिनाच्या मागे, चौकटीखाली बसवलेला काही किलो वजनाचा लोखंडी सांगाडा. वळणावर गाडी खूप कलली की तोच प्रथम रस्त्याला घासण्याची शक्यता असते. शिवाय पहिल्या पिढीतील ड्यूकसारख्या गाड्यांत सायलेन्सरच पोटाखाली होता, त्यामुळे स्टँडला जागाच उरत नव्हती. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी ड्यूक कोल्हापुरात पोहोचली ती केवळ साईड स्टँड घेऊन. चाक उचलण्याचे काम गाडीच्या अंगावरून निघून मालकाच्या घरी ठेवलेल्या वेगळ्या साधनाकडे गेले. हे साधन म्हणजे पॅडॉक स्टँड. शर्यतीच्या मैदानावर गाड्या जेथे तयार केल्या जातात त्या आवारावरून त्याला हे नाव मिळाले. शर्यतीच्या गाडीला साईड स्टँडही नसतो. टायर गरम ठेवणारी विजेची आवरणे गुंडाळण्यासाठी तिची चाके उचलून ठेवावी लागतात. ही कल्पना तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक मोटरसायकलींना मागच्या आसापाशी बिजागरीवर फिरणारा स्टँड असे आणि चालवताना तो वर उचलून मडगार्डला अडकवत.

रचना

पॅडॉक स्टँड हा पोलादी पाइपचा, आडवा पडलेल्या इंग्रजी यू अक्षरासारखा सांगाडा असतो. त्याच्या दोन भुजा गाडीच्या मागून पुढे, चाकाच्या दोन्ही बाजूंना जातात. भुजांच्या पुढच्या टोकांपाशी खाली दोन लहान चाके व वर दोन आकडे असतात. मागे दोन्ही हातांत मावेल अशी दांडी असते. मागचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसते तो भाग म्हणजे स्विंगआर्म. आकडे त्यालाच उचलतात. त्यासाठी स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी बॉबिन बसवतात. बॉबिन म्हणजे मध्ये खाच असलेली गोल गुंडी. तिच्या बोल्टची जाडी गाडीप्रमाणे बदलते. साधारणपणे यामाहाला ६, होंडा व सुझुकीला ८ आणि केटीएमला १० मिलिमीटरचा बोल्ट लागतो. बॉबिनसाठी आटे नसलेल्या गाड्यांना आकड्यांऐवजी रबर लावलेल्या सपाट पट्ट्या स्विंगआर्मखाली टेकवतात. ही सोय चालते, पण पट्टीवरून गाडी सरकू शकते. आकड्यात बसलेली बॉबिन सहसा सरकत नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीला उजव्या बाजूने ब्रेकचा रॉड जातो. पट्टी त्याखाली गेली की गाडीचा भार रॉडवर येतो आणि तो वाकतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील फॅब्रिकेशनच्या दुकानात नमुना दाखवून असा स्टँड करून घेणे अवघड नाही. ऑइल इंजिनांच्या आणि ओतकामाच्या जोरावर वाढलेल्या या गावात चांगल्या वेल्डरची वाण नाही. फक्त चाकांच्या बाबतीत काटकसर करू नये. स्वस्त स्टँडमध्ये पाइप शाबूत राहतो आणि प्लास्टिकची चाके आधी तडकतात.

तरफ

दगडाखाली पहार घालून तो उचकटणाऱ्याला जे तत्त्व ठाऊक असते तेच येथे काम करते. स्टँडची चाके हा टेकू, आकडे हा भार आणि दांडी ही बल लावण्याची जागा. यामाहा आर-१५ चे वजन सुमारे १४० किलो आहे. त्यातले जवळपास निम्मे, म्हणजे ७० किलो, मागच्या चाकावर येते असे धरू. स्टँडच्या चाकांच्या आसापासून आकड्यांचे आडवे अंतर सुरुवातीला १२ सेंटिमीटर आणि दांडीचे ६० सेंटिमीटर असेल तर पाचास एक असा फायदा मिळतो आणि दांडीवर सुमारे १४ किलोचा दाब पुरतो. १९५ किलोच्या क्लासिक ३५० ला याच हिशेबाने २० किलोच्या आसपास. तांदळाचे अर्धे पोते उचलू शकणाऱ्या कोणालाही हे जमते.

हा दाब शेवटपर्यंत सारखा राहत नाही. दांडी वर असते तेव्हा आकडे खाली आणि चाकांच्या पुढे झुकलेले असतात. दांडी दाबली की ते आसाभोवती कंसात फिरत वर येतात आणि त्याच वेळी मागे सरकतात. जसजसे ते आसाच्या वर येतात तसतसे आडवे अंतर घटते आणि दाब हलका होतो. आकडे आसाच्या नेमके वर आले की दांडीवरचे ओझे शून्य होते. किंचित मागे गेले की गाडीचे वजन उलट दांडीलाच खाली दाबून ठेवते. त्यामुळे या स्टँडला खटका किंवा कडी लागत नाही. गाडी स्वतःच्याच भाराने अडकून राहते.

आकडे मागे सरकतात याचा अर्थ स्टँड पुढे सरकतो किंवा गाडी मागे येते. सपाट फरशीवर हलका स्टँड आपसूक पुढे जातो. जमीन खडबडीत असली की स्टँडची चाके अडतात. मग पुढचा ब्रेक बांधलेला असेल तर कोणीच हलत नाही आणि दांडी अर्ध्यावर थांबते. म्हणून चढवताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि पुढचे चाक मोकळे असावे.

खरी अडचण : तोल

वजनाचा प्रश्न तरफेने सुटतो. मग दुसऱ्या माणसाची गरज का भासते? साईड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे डावी बॉबिन खाली आणि उजवी वर असते. दोन्ही आकडे एकदम बसायचे तर गाडी सरळ हवी. सरळ गाडी दोन चाकांवर उभी, म्हणजे तिला कोणत्याच बाजूचा आधार नाही. डावीकडे गेली तर साईड स्टँड झेलतो. उजवीकडे गेली तर झेलायला कोणी नाही. गॅरेजमध्ये एक पोरगा हँडल धरतो आणि मेस्त्री मागे स्टँड लावतो, तो याच दोन-तीन सेकंदांसाठी. एकट्याने करण्याच्या साऱ्या युक्त्या हा निराधार क्षण लहान करण्याच्या आहेत. दंडात बळ असून येथे उपयोग नाही. जोर लावणारा माणूसच गाडी उजवीकडे पाडतो.

फळीचा तुकडा

सर्वांत उपयोगी युक्तीला खर्च शून्य. साईड स्टँडच्या पायाखाली सुमारे २ सेंटिमीटर जाडीची फळी ठेवायची. पाय उंच झाला की गाडीचा कल घटतो आणि दोन्ही बॉबिनच्या उंचीतला फरक कमी होतो. स्टँडची रुंदी नीट जुळलेली असेल तर अशा अर्धवट सरळ गाडीलाही दोन्ही आकडे लागतात आणि दांडी दाबताना गाडी स्वतःच उभी होत जाते. हाताने तोलून धरण्याचा क्षण जवळजवळ नाहीसा होतो. फळी फार जाड घेतली तर गाडी इतकी सरळ होते की हलक्या धक्क्यानेही ती उजवीकडे जाईल. म्हणून जाडी थोडी थोडी वाढवून पाहावी. फळी रुंद आणि खरखरीत असावी. गुळगुळीत सनमायकाचा तुकडा फरशीवर निसटतो.

चढवण्याचा क्रम

आकड्यांमधले अंतर आधीच जुळवून बोल्ट आवळलेले असावेत. दोन्ही भुजा मध्यापासून सारख्या बाहेर हव्यात, नाहीतर उचललेली गाडी तिरकी उभी राहते. काम करणाऱ्याने गाडीच्या मागे, किंचित डाव्या बाजूला उभे राहावे. डावा हात मागच्या ग्रॅब रेलवर, उजवा हात स्टँडच्या दांडीवर. साईड स्टँड शेवटपर्यंत उघडाच ठेवायचा. तोल गेलाच तर गाडी आपल्याकडे ओढून त्यावर टेकवता येते.

प्रथम डावा आकडा डाव्या बॉबिनखाली नेऊन हलका वर दाब द्यावा. आता डाव्या हाताने गाडी सावकाश सरळ करीत आणावी. उजवी बॉबिन खाली येते आणि उजव्या आकड्यात बसते. हे डोळ्यांनी नेमके दिसत नाही, कारण मध्ये टायर असते. हाताला मात्र लगेच कळते. एकाच आकड्यावर भार असताना दांडी एका बाजूला पिळल्यासारखी वाटते. दुसरा आकडा लागला की तो पीळ जातो आणि दांडी हाताला दोन्ही बाजूंनी सारखी घट्ट लागते. ती खूण मिळेपर्यंत दाबायचे नाही. मिळाली की शरीराचे वजन दांडीवर टाकून ती सरळ खाली न्यावी. हातांनी ढकलण्यापेक्षा मागच्या आडव्या पट्टीवर पाय देणे सोपे. साईड स्टँडचा पाय फळीवरून बोटभर उचलला गेला की काम झाले. मग पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उटी लावावी.

उतरवणे

अपघात चढवताना होतात त्यापेक्षा उतरवताना अधिक होतात, असे माझे मत आहे. कारण पुन्हा तरफेतच आहे. दांडी उचलायला लागले की प्रथम थोडा जोर लागतो. आकडे आसाच्या वरून पुढे गेले की गाडीचे सारे वजन दांडी वर फेकू लागते. हात सोडला तर ती हनुवटीवर आदळू शकते. म्हणून चेहरा दांडीच्या रेषेत नसावा आणि पकड शेवटपर्यंत सुटू नये.

दुसरी गोष्ट गिअरची. चाक जमिनीला टेकताना गाडीला पुढे जाण्याची ओढ असते. साईड स्टँड मागे मिटणारा असतो, म्हणजे गाडी पुढे सरकली की तो मिटू पाहतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल तर टेकताक्षणी चाक अडते आणि हा धोका टळतो. चढवताना न्यूट्रल, उतरवताना पहिला गिअर. साईड स्टँड उघडा आहे ना आणि फळी जागेवर आहे ना, हे दांडीला हात लावण्याआधी पाहून घ्यावे.

जमीन

जुन्या पेठांतील घरांपुढची शहाबादी फरशी बरी, पण तिच्या सांध्यात स्टँडची लहान चाके अडकतात. पेव्हिंग ब्लॉकवर तर हमखास. सिमेंटचा कोबा सर्वांत चांगला. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार डोळ्यांना जाणवत नाही, गाडीला जाणवतो. उतार असेलच तर गाडीचे तोंड चढाकडे ठेवून मनातल्या मनात हिशेब मांडण्यापेक्षा जागा बदलावी.

साखळी आणि स्प्रिंग

डबल स्टँड आणि पॅडॉक स्टँड दोन्ही चाक उचलतात, तरी त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. डबल स्टँड चौकटीला उचलतो, त्यामुळे मागचे चाक खाली लोंबते आणि शॉकॲब्सॉर्बर पूर्ण लांब होतो. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मलाच उचलतो. गाडीचे वजन शॉकॲब्सॉर्बरवर तसेच राहते, जसे जमिनीवर असताना असते. स्विंगआर्मचा कोन बदलला की साखळीचा सैलपणा बदलतो. म्हणून एकाच साखळीचे माप दोन स्टँडवर वेगळे येते. गाडीच्या पुस्तिकेत सैलपणाचा आकडा कोणत्या अवस्थेसाठी दिला आहे हे वाचल्याशिवाय साखळी आवळू नये. जादा आवळलेली साखळी खड्ड्यात चाक वर गेले की ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर भार टाकते.

साफसफाईसाठी रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. ओ-रिंगच्या साखळीला पेट्रोल वापरू नये, त्याने रबरी कड्या बिघडतात. तेल साखळीच्या खालच्या पदराला आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत द्यावे. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. फडके साखळीत गेले की बोट दातेरी चक्रापर्यंत पोहोचायला क्षणही लागत नाही.

मर्यादा

स्टँडवरच्या गाडीवर बसू नये. मागच्या स्टँडच्या भरवशावर पुढचे चाक काढू नये. त्यासाठी वेगळा पुढचा स्टँड असतो आणि तोही मागचा लावल्यानंतरच लावतात. फेरफटका मारून आलेल्या गाडीचा सायलेन्सर उजव्या आकड्याच्या अगदी जवळ असतो, तो निवू द्यावा. एकाच बाजूला स्विंगआर्म असलेल्या काही महागड्या गाड्यांना हा स्टँड लागतच नाही. त्यांच्या आसाच्या पोकळीत खुंटी घालणारा वेगळा प्रकार मिळतो.

प्रवासातील टेकू

यू आकाराचा स्टँड घाटात नेता येत नाही. त्यासाठी उंची कमीजास्त करता येणारी एक लहान काठी मिळते. गाडी साईड स्टँडवर असताना ती उजव्या बाजूने स्विंगआर्मखाली लावून लांब केली की गाडी साईड स्टँड, पुढचे चाक आणि काठी या तिघांवर टेकते आणि मागचे चाक दोन बोटे उचलले जाते. पुढचा ब्रेक मात्र रबरी पट्ट्याने बांधावा लागतो, कारण येथे गाडीला सरकू देऊन चालत नाही. ट्यूबलेस टायरमधला खिळा शोधायला किंवा भिजलेल्या साखळीवर तेलाचे चार थेंब सोडायला एवढे पुरते. चाक काढण्यासाठी मात्र या काठीवर विसंबता येत नाही.